माझे अर्धे वाक्य आणि आमचा सकाळचा वर्ग : ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव आणि सर्व कार्यकारिणी सदस्य,
ज्येष्ठ नागरिक मंडळ, पश्चिम नागपूर

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र मी आधी मंडळाच्या कार्यालयात पोच घेऊन दिले होते. त्याला पाच आठवडे झाले. दोनदा आठवण करूनही उत्तर आले नाही, म्हणून त्यातला मजकूर थोडा वाढवून सर्वांसमोर ठेवत आहे. मंडळाचे पूर्ण नाव आणि ज्या दीर्घायुष्य केंद्राशी आपण करार केला त्याचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. असेच प्रस्ताव शहरातल्या इतर मंडळांकडेही जात असल्याचे ऐकते. त्यांच्या सभासदांनीही हे वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मार्च महिन्यात कार्यकारिणीने एका खासगी केंद्राशी करार केला. त्यानुसार सभासदांना ‘वय मागे नेणारे’ उपचार सवलतीच्या दरात मिळणार, मंडळाचा हॉल सोमवार ते शनिवार सकाळी सहा ते नऊ या वेळेत नोंदणी आणि रक्त घेण्यासाठी केंद्राला मिळणार, आणि प्रत्येक नोंदणीमागे ठराविक रक्कम ‘देणगी’ म्हणून आपल्या इमारत निधीत जमा होणार. हॉल दिल्यामुळे १ एप्रिलपासून सकाळी सव्वासहाचा तोल आणि ताकदीचा व्यायामवर्ग ‘तात्पुरता स्थगित’ झाला. नवतपा येऊन गेला, पहिला पाऊस पडून गेला, तरी तो स्थगितच आहे.

या प्रकरणाशी माझा संबंध दोन बाजूंनी आहे, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय पुढचे बोलणे योग्य होणार नाही.

मी बत्तीस वर्षे नागपुरात प्राणिशास्त्र शिकवले. २०१९ साली माझे पती पहाटे न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, पण अंथरुणावरच्या आठवड्यांनी मांड्यांतली ताकद अशी ओसरली की ते आधाराविना पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. सात महिन्यांनी ते गेले. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांत एक, किंवा त्याहून अधिक, वर्षभरात दगावतात ही गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती. परंतु ती माझ्या घराला लागू आहे असे मला कधी वाटले नव्हते, आणि पडणे बऱ्याच अंशी टाळता येते हे माहीत असूनही मी स्वतःच्या घरात त्यासाठी काहीच केले नव्हते. ही खंत घेऊनच मी २०२२ च्या फेब्रुवारीत दहा सभासदांसह तो वर्ग सुरू केला. एका सभासदाच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पहिले तीन महिने एक पैसाही न घेता शिकवले. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे, भिंतीला एक बोट लावून एका पायावर उभे राहणे, टाचेला अंगठा टेकवत सरळ रेषेत चालणे, वाळू भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढेच त्यात होते. या मार्चमध्ये हजेरीपटावर शेहेचाळीस नावे होती.

दुसरा संबंध केंद्राच्या जाहिरात पत्रकाशी आहे. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मंडळाच्याच व्यासपीठावर ‘आपण म्हातारे का होतो’ या विषयावर माझे व्याख्यान झाले होते. केंद्राच्या रंगीत पत्रकावर, चौकटीत, माझ्या पदवीसह एक वाक्य छापले आहे : ‘टेलोमरेजमुळे पेशी अमर होऊ शकते.’ (टेलोमरेज हे पेशीतले एक विकर, म्हणजे एन्झाइम; त्याविषयी पुढे लिहिते.) हे शब्द माझेच आहेत, पण वाक्य अर्धे आहे. मी म्हणाले होते, ‘टेलोमरेजमुळे पेशी अमर होऊ शकते, आणि कर्करोगाची पेशी नेमके हेच करते.’ उरलेले अर्धे कुठे गेले, ते कोणी कापले, आणि त्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण केंद्राला कोणी दिले, याचे उत्तर मला हवे आहे.

एप्रिलमध्ये आपले एक शहात्तर वर्षांचे सभासद मला भेटले. निवृत्त लघुलेखक, सरळ माणूस, पत्नीला मधुमेह. त्यांनी एक लाख चाळीस हजार रुपये भरले होते. ‘मॅडम, तुमचं वाक्य होतं म्हणून मुदत ठेव मोडली,’ असे ते म्हणाले. त्या दिवसापासून मला गप्प बसता येत नाही.

आता माझे आक्षेप मांडते. सर्वांत मोठा आक्षेप विज्ञानाविषयी आहे, म्हणून त्याला अधिक जागा देते.

वार्धक्याचे जीवशास्त्र हे थोतांड आहे असे मी कधीही म्हटलेले नाही. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जीवशास्त्रात जे मोलाचे काम झाले त्यात या शाखेचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अलेक्सिस कॅरेल या नोबेल विजेत्या शल्यविशारदाच्या अधिकारामुळे जगाची समजूत अशी होती की शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी अनंत काळ विभाजित होत राहतात. १९६१ साली फिलाडेल्फियात लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी साधारण चाळीस ते साठ वेळा विभागतात आणि मग थांबतात. हा थांबा का येतो, याचा एक मोठा भाग पुढे गुणसूत्रांच्या टोकांत सापडला. टेलोमियर म्हणजे ही टोके. माणसात ती डीएनएच्या सहा अक्षरांच्या एकाच तुकड्याची हजारो वेळा पुनरावृत्ती होऊन बनलेली असतात आणि प्रत्येक विभाजनाला थोडी झिजतात. ती पुन्हा बांधून काढणारे विकर टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना या कामासाठी २००९ चे नोबेल मिळाले. टेलोमरेज शोधले गेले ते टेट्राहायमेना या तळ्यातल्या एकपेशीय जीवात, आणि आपल्या फुटाळा तलावाच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगत असे.

पण गोष्टीचा पुढचा भाग वगळून ती सांगता येत नाही. आपल्या बहुतेक पेशींत हे विकर बंद असते, आणि ते बंद असण्यात शरीराचा फायदा आहे. कर्करोगांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के प्रकारांत ते पुन्हा सुरू झालेले आढळते. १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिची संमती न घेता, पेशी काढल्या गेल्या. ती स्त्री त्याच वर्षी वारली. त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत विभागत आहेत. व्याख्यानात अमर पेशीचे उदाहरण म्हणून मी त्यांचेच नाव घेतले होते. हे ज्यांनी ऐकले, त्यांनी ‘टेलोमियर वाढवणारी गोळी’ विकणाऱ्यांच्या पत्रकावर माझे वाक्य छापावे, याचे दुःख मला शब्दांत नीट मांडता येत नाही.

पत्रकातील दुसरी गोष्ट ‘एनएडी सलाईन’. एनएडी हा रेणू पेशीतल्या ऊर्जेच्या व्यवहाराला लागतो आणि वयाबरोबर अनेक ऊतींत त्याचे प्रमाण कमी होताना दिसते, हे खरे. पण कमी झालेली गोष्ट भरून काढली की वय मागे जाते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेचा एक उपक्रम आहे. आयुष्य वाढवू शकतील असे पदार्थ तेथे तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एकाच वेळी उंदरांना दिले जातात, म्हणजे एका ठिकाणचा योगायोग दुसरीकडे उघडा पडतो. एनएडी वाढवणारे निकोटिनामाइड रायबोसाइड तेथे तपासले गेले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला की उंदरांचे आयुष्य वाढले नाही. ज्याचा एकेकाळी मोठा गाजावाजा झाला होता ते द्राक्षांतले रेस्वेराट्रॉलही याच परीक्षेत नापास झाले होते. उंदरांत जे दिसले नाही, ते आपल्या सभासदांच्या शिरेत सलाईन लावून कोणत्या आधारावर दाखवले जाणार आहे?

केंद्र देत असलेले एक औषध, रॅपामायसिन, मात्र याच उपक्रमात उत्तीर्ण झालेले आहे, आणि तेच मला अधिक काळजीचे वाटते, कारण खऱ्या संशोधनाच्या सावलीत उभे राहून त्याची विक्री करता येते. रॅपामायसिनची कहाणी मला फार प्रिय आहे. १९६४ साली कॅनडाची एक मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. तेथील मातीतल्या एका जीवाणूपासून मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेंद्र नाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य वेगळे केले. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून औषधाचे नाव पडले. १९८३ साली कंपनीने तेथील प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा सेहगलांनी त्या जीवाणूचे नमुने घरच्या फ्रीझरमध्ये ठेवून जपले. तसे केले नसते तर कदाचित हे औषध आज नसते. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २००९ मध्ये, म्हणजे सेहगल गेल्यानंतर सहा वर्षांनी, वर सांगितलेल्या उपक्रमातून निष्कर्ष आला की सहाशे दिवसांच्या, माणसाच्या हिशेबाने साठीच्या आसपासच्या, उंदरांना ते दिले तर माद्यांचे कमाल आयुष्य सुमारे १४ टक्क्यांनी आणि नरांचे ९ टक्क्यांनी वाढते. उतारवयात सुरू केलेल्या औषधाने सस्तन प्राण्याचे आयुष्य वाढते, हे इतक्या स्पष्टपणे तोवर दिसले नव्हते. ती बातमी मी वर्गात सांगितली तेव्हा माझा आवाज दाटून आला होता, हे माझ्या त्या वेळच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

पण हेच औषध प्रतिकारशक्ती दाबते. तोंड येणे, रक्तातली चरबी आणि साखर वाढणे, जखम उशिरा भरणे, संसर्ग होणे हे त्याचे परिचित दुष्परिणाम आहेत. निरोगी वृद्ध माणसांना ते किती, किती दिवसांनी आणि कोणाला द्यावे, याचे उत्तर मोठ्या चाचण्यांतून अजून यायचे आहे. मधुमेह असलेल्या, तीन प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला पाच मिनिटांच्या भेटीत ते लिहून देणे हा सेहगलांच्या फ्रीझरचा अपमान आहे.

उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर किती असते, हे माकडांनीही दाखवले आहे. कमी उष्मांक दिलेले उंदीर अधिक जगतात हे कॉर्नेलच्या क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्येच दाखवले होते. रिसस माकडांवर तोच प्रयोग दोन ठिकाणी वीस वर्षांहून अधिक काळ चालला. विस्कॉन्सिनच्या चमूने २००९ मध्ये फायदा झाल्याचे सांगितले. राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या चमूला २०१२ मध्ये आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. पुढे दोन्ही चमूंनी एकत्र बसून आहारातले आणि वयातले फरक तपासले, तेव्हा कोठे चित्र थोडे उलगडले. विज्ञान असे चालते, आणि त्याला लागणारा वेळ कोणत्याही पत्रकात मावत नाही.

मूलपेशींविषयी (स्टेम सेल) थोडक्यात लिहिते, कारण तेथे वादाला फारशी जागा नाही. रक्ताच्या विशिष्ट आजारांतील प्रत्यारोपण सोडल्यास मूलपेशींचा वापर हा मान्यता घेतलेल्या चाचणीतच करता येतो, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. गुडघ्यात किंवा शिरेत ‘तारुण्यासाठी’ पैसे घेऊन मूलपेशी देणे त्यात बसत नाही.

‘जैविक वय चाचणी’ मात्र थोडी सविस्तर पाहावी लागेल, कारण बहुतेक सभासद तिच्यापासूनच सुरुवात करतात. डीएनएवर जागोजागी लागलेल्या ‘मिथाइल’ नावाच्या छोट्या रासायनिक खुणा वयाबरोबर बदलतात. स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागांवरून माणसाचे वय बऱ्यापैकी अचूक काढता येते हे दाखवले. हजारो लोकांच्या अभ्यासात हे साधन फार उपयोगी आहे. एकट्या माणसाच्या हातात अहवाल देऊन ‘तुम्ही सहा वर्षांनी तरुण झालात’ असे सांगण्यासाठी ते तितके भरवशाचे नाही. रक्ताचा तोच नमुना दोनदा तपासला तरी उत्तरांत काही वेळा नऊ वर्षांपर्यंत फरक पडू शकतो, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. त्यात आपल्या पिढीची एक अडचण आहे, जी कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. हा अहवाल जैविक वयातून कागदावरचे वय वजा करतो. आपल्यापैकी कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली १ जून किंवा १ जुलै आहे, आणि साल तर अंदाजानेच. ज्याचे कागदावरचे वय दोन वर्षांनी चुकले आहे, तो पहिल्याच अहवालात दोन वर्षे ‘म्हातारा’ किंवा ‘तरुण’ ठरेल. वयाच्या नोंदी ही किरकोळ बाब नाही. जपानमध्ये २०१० साली तपासणी झाली तेव्हा कागदावर शंभरी ओलांडलेल्या दोन लाखांहून अधिक माणसांचा ठावठिकाणाच लागला नव्हता.

माझा पुढचा आक्षेप कायद्याचा आहे. औषधे व प्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘जे’मध्ये अशा व्याधींची आणि अवस्थांची यादी आहे, ज्या टाळण्याचा किंवा बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये. त्या यादीत ‘अकाली वार्धक्य’ आहे आणि ‘पुनर्यौवन देण्याची शक्ती’ही आहे. आपल्या सूचनाफलकावर मंडळाच्या शिक्क्यानिशी लावलेल्या पत्रकात नेमके हेच दोन दावे आहेत. कार्यकारिणीत दोन निवृत्त वकील आहेत. त्यांनी ती अनुसूची पाहिली होती का?

पैशाचा आक्षेप स्पष्ट लिहिते. कार्यकारिणीतील कोणी स्वतःच्या खिशात काही घातले असे मी म्हणत नाही, आणि कोणी तसे म्हटले तर मी त्याला विरोध करीन. परंतु प्रत्येक नोंदणीमागे मंडळाला रक्कम मिळणार असेल, तर सभासदाने ‘हे करू का’ असे विचारल्यावर मंडळ निःपक्षपाती उत्तर देऊ शकत नाही. ही देणगी आमसभेसमोर आलीच नाही. मार्चच्या इतिवृत्तात ‘आरोग्यविषयक सहकार्य’ एवढेच दोन शब्द आहेत.

आणि शेवटचा आक्षेप, जो माझ्यासाठी पहिला आहे. जे सिद्ध झालेले नाही त्यासाठी आपण जे सिद्ध झालेले आहे ते बंद केले. घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण व्यायामाने सुमारे २३ टक्क्यांनी घटते, हे जगभरच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन २०१९ मध्ये मांडले गेले. १९९० साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त, नव्वदीच्या माणसांना आठ आठवडे वजने उचलायला लावली. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी स्नायू अजून ऐकतो, याहून आनंदाची बातमी मला तरी या सगळ्या शाखेत दुसरी सापडलेली नाही. स्मृतिभ्रंशाविषयी नेमलेल्या लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली आणि ती सर्व दूर करता आली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल असा अंदाज मांडला. त्यात कमी ऐकू येणे आहे, उपचार न केलेला दृष्टिदोष आहे, रक्तदाब आहे, एकटेपणा आहे. ही सगळी कामे एका ज्येष्ठ नागरिक मंडळाला हॉल, सतरंज्या आणि एक नोंदवही एवढ्यावर करता येतात.

नागपुरात तर सकाळच्या त्या तासाचे मोल अधिक आहे. वय वाढते तशी तहान उशिरा लागते आणि घामही मंद येतो, त्यामुळे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा म्हाताऱ्या शरीराला आपण तापत आहोत हे वेळेवर कळत नाही. एप्रिलपासून सात वाजल्यानंतर बाहेर फिरणे आमच्यातल्या अनेकांना झेपत नाही. कुलर लावलेला हॉल हाच आमचा रस्ता होता. वर्ग बंद झाल्यापासून दोन सभासद घरी पडले आहेत. ते वर्गाला येत असते तर पडले नसते, असा दावा मी करणार नाही, कारण दोन माणसांवरून तसे म्हणता येत नाही. एकीचे मनगट मोडले आहे. वर्गात सर्वांत मोठ्या आवाजात आकडे मोजणारी ती होती.

अध्यक्ष महोदय, आपण मला फोनवर दोन गोष्टी म्हणाला होतात, त्यांना येथेच उत्तर देते. आपण म्हणालात, ‘या वयात करून पाहायला काय हरकत आहे?’ तरुण माणसाने एक लाख चाळीस हजार गमावले तर तो पुन्हा मिळवू शकतो. आपल्यापैकी बहुतेकांना ते शक्य नाही, आणि शरीराचेही तसेच आहे. आपण असेही म्हणालात की विज्ञान शिकवलेल्या बाईने विज्ञानाला विरोध करावा याचे आश्चर्य वाटते. मला हे संशोधन हवे आहे, आणि ते भारतीय माणसांवर व्हायला हवे आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे बहात्तर हजार भारतीयांचे सर्वेक्षण झाले आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वार्धक्याच्या खुणांवर काम सुरू आहे, आणि तेथीलच मेंदू संशोधन केंद्र कोलार जिल्ह्यातल्या खेड्यांतील हजारो लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करत आहे. अशा अभ्यासात सहभागी होणाऱ्याकडून कोणी लाख रुपये घेत नाही. त्याला काय केले जाणार हे आधी समजावले जाते, त्याची लेखी संमती घेतली जाते, नैतिकता समितीची देखरेख असते, आणि औषधाच्या चाचणीची नोंद भारताच्या सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते. ज्या ठिकाणी माणूसच पैसे भरतो आणि निकालाची नोंद कोणीही ठेवत नाही, तेथे संशोधन होत नाही. उद्या विदर्भातल्या वृद्धांचा असा खरा अभ्यास सुरू झाला तर पहिली संमती माझी असेल. जाताना देहही मी वैद्यकीय महाविद्यालयाला देणार आहे. त्याचा अर्ज भरून झालेला आहे.

आता मागण्या.

करार ताबडतोब स्थगित करावा आणि त्याची पूर्ण प्रत, देणगीच्या कलमासह, सर्व सभासदांना वाचायला मिळावी. तीस दिवसांच्या आत विशेष आमसभा बोलावून तो ठेवावा की रद्द करावा याचा निर्णय हात वर करून नव्हे, तर गुप्त मतदानाने घ्यावा, कारण अनेकांना शेजाऱ्यासमोर विरोध करणे जड जाते.

माझे वाक्य छापलेले प्रत्येक पत्रक फलकावरून आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटातून काढावे, आणि त्याच गटात माझे पूर्ण वाक्य प्रसिद्ध करावे. मला क्षमायाचना नको. वाक्य पूर्ण हवे.

ज्या सभासदांनी पैसे भरले आहेत पण उपचार घेतलेले नाहीत, त्यांचे पैसे परत मिळवण्यासाठी मंडळाने स्वतःच्या लेटरहेडवर केंद्राला लिहावे, गरज पडल्यास ग्राहक आयोगाकडे जाण्यास त्यांना मदत करावी, आणि त्यांच्यामुळे मिळालेली देणगी आधी परत करावी. ज्यांनी रॅपामायसिन सुरू केले आहे त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना ते आजच सांगावे, अशी सूचना मंडळाने लगेच पाठवावी. यासाठी आमसभेची वाट पाहू नये.

यापुढे कोणतेही आरोग्य शिबिर किंवा सवलत मंडळात आणण्याआधी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत : हे माणसांवरच्या चाचणीत सिद्ध झाले आहे का, मंडळाला यातून काय मिळते, आणि अपाय झाला तर जबाबदार कोण. उत्तरे फलकावर लावावीत.

आणि सकाळी सव्वासहा ते सव्वासातची हॉलची वेळ आमच्या वर्गाला परत द्यावी. इमारत निधीची चणचण मला समजते. माझ्या निवृत्तिवेतनातून मी दरमहा काही रक्कम देईन, आणि वर्गातल्या इतरांनीही वर्गणी देण्याची तयारी दाखवली आहे. आम्हाला हॉल फुकट नको आहे.

वर्गाची नोंदवही माझ्याकडे आहे. पुढच्या सोमवारी सकाळी सव्वासहाला ती घेऊन मी हॉलच्या दारात येईन. दार उघडे असेल तर वर्ग आत होईल, नसेल तर पायरीवर होईल. मनगट मोडलेल्या सभासद बाईंनी कळवले आहे की त्या एका हाताने येतील आणि आकडे मोजतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद
(निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका)
नागपूर